नाचणगाव ते नाशिक, व्हाया वाईन

पुण्या-मुंबईत कुठल्याही नाक्यावर ‘वाईन शॉप’ची पाटी दिसते. आत जाऊन बघा. समोर व्हिस्की, रम, फ्रीजमध्ये बियर, आणि कुठंतरी वरच्या फळीवर, ट्यूबलाईटखाली धूळ खात उभ्या असलेल्या वाईनच्या चार बाटल्या. पाटीवर जिचं नाव, दुकानात तिलाच जागा नाही! आमच्या नाचणगावात ही भानगडच नाही. तिथं पाटीच नाही.

नाचणगाव कुठं आलं? वर्धा जिल्हा, देवळी तालुका, पुलगावला अगदी चिकटून. पुलगाव म्हटलं की लोकांना लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आठवतो. जिल्ह्यात राजरोस दारू काय ती तेवढीच. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, आणि त्या पुण्याईवर सत्तरच्या दशकापासून अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण पुलगावच्या पलीकडे वर्धा नदी वाहते, आणि पूल ओलांडला की अमरावती जिल्हा सुरू. बंदी तिथं संपते. अलीकडे गुन्हा, पलीकडे बिल.

आता, बंदी असली म्हणून हातभट्टीची मिळतच नाही, असं तिथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. तरीपण दारूपायी बसलेली घरं ज्या बायांनी पाहिलीत, त्यांच्यापुढं ‘रेड वाईन हार्टला चांगली असते’ छापाचे फंडे मारू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये सांगून टाकलंय की दारूचं ‘सेफ’ असं प्रमाण नसतं. त्यामुळे दिवाळीला गावी जाताना बॅगेत बाटली घालायचा मोह टाळा. उगाच केस होईल. आम्ही सांगतोय ती गंमत बाटलीच्या थोडी अलीकडची, शेतातली आहे.

कर्मिट लिंच नावाचा एक अमेरिकन वाईन-व्यापारी आहे. १९७२ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये छोटंसं दुकान टाकलं. माल कॅटलॉगवरून मागवण्यापेक्षा हा गडी फ्रान्समध्ये गावोगाव फिरायचा, तळघरात शेतकऱ्याशेजारी उभा राहून थेट पिंपातली वाईन चाखायचा आणि आवडली तरच घ्यायचा. त्याचा आणखी एक हट्ट होता. जहाजातून वाईन आणायची तर थंड कंटेनरमधूनच. गरम झालेली वाईन मेलेली वाईन! मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा ज्यानं सोसलाय त्या वर्धेकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. तेव्हा शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली, कितीही महाग असली तरी, घेऊ नका.

लिंचसाहेबांसारखं फिरायला आपल्याला फ्रान्सचा व्हिसा लागत नाही. पुलगाव मुंबई-हावडा मुख्य लाईनवर आहे. रात्री गाडीत बसायचं, नदीचा पूल खडखडत ओलांडायचा, आणि सकाळी नाशिक रोडला चहा.

नाशिकला सगळे सुलाला जातात. जा, मजा येते. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षं लावली आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. शेनाँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ ही नावं तोवर आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पुढे दिंडोरीची माती फ्रेंचांनाही भावली. शाँपेनवाल्या मोएत-हेनेसीनं २०१३ मध्ये इथल्या द्राक्षांची ‘शाँदों’ काढली. तिला शाँपेन मात्र म्हणायचं नाही, स्पार्कलिंग वाईन म्हणायचं. शाँपेन फक्त शाँपेन प्रांतातलीच.

पण टेस्टिंग रूममध्ये सेल्फी काढून परत फिरू नका. मागच्या बागेत जा. फ्रान्समध्ये वेली हिवाळ्यात झोपतात. आपल्याकडे थंडी कुठली पुरायला? वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा कापावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. मग जानेवारी ते मार्च तोडणी. मधल्या काळात केवडा आहे, भुरी आहे, अवकाळी आहे, गारा आहेत. रात्री ढग गडगडले की बागवाला जागा.

नाचणगावच्या आमच्या काकाजींना हे सगळं एकदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग बाजारातले अंगूरच सडवतेत का गा?”

नाही काकाजी. खायची द्राक्षं म्हणजे थॉमसन, किंवा आपल्याच महाराष्ट्रातली तास-ए-गणेश आणि सोनाका. लांबट, रसाळ, बिनबियांची. वाईनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांची. रंग आणि चव सालीत असते, म्हणून साल जाड हवी. एका बाटलीला साधारण सव्वा ते दीड किलो द्राक्षं लागतात.

“अन् कंपनीनं नाई घेतले तं?”

वाईनवरच्या कुठल्याही चकचकीत लेखात हा प्रश्न नसतो. काकाजींनी जन्मभर कापूस पिकवला. भाव पडला की विदर्भातला शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो, खोलीत आढ्यापर्यंत. पोरं त्या ढिगावर झोपतात. भाव चढेल तेव्हा गाडी काढायची. खायच्या द्राक्षालाही पळवाट आहे. बाजार पडला तर बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाला दोन्ही नाही. ते टोपलीत घालून विकलं जात नाही, आणि तोडायला आलं की थांबत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी.

आणि हे झालेलं आहे. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात, फ्रेंच तंत्रज्ञ आणून, इंडेजची स्पार्कलिंग वाईन केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावानं विकली गेली. आपल्या जुन्नर तालुक्यातली वाईन लंडनमध्ये, तेही त्या काळात! पुढे २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, आणि जो तो वाईनची द्राक्षं लावत सुटला. २००८-०९ च्या मंदीत मागणी आपटली, कर्जात बुडालेलं इंडेज कोसळलं आणि कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. वेल लावल्यावर पहिलं चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं लागतात. उपटायला एक दिवस.

म्हणून आम्हाला अकलूजचं प्रकरण इंटरेस्टिंग वाटतं. सोलापूर जिल्हा, ऊसवाला मुलूख, वाईन म्हटलं तर कुणी हसलं असतं. तिथं २००७ मध्ये मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू एकत्र आले. इटालियन भाषेत भाऊ म्हणजे ‘फ्रातेल्ली’, तेच नाव पडलं. टस्कनीचे पिएरो मासी वाईनमेकर म्हणून आले, आणि माळशिरस तालुक्यात सांजोवेसे पिकलं. यांचा भर स्वतःच्या बागांवर. धोका गेला नाही, पण तो कंपनीच्याच अंगावर राहिला.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली होती, शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून. दारूबंदीचे जिल्हे वगळून, अर्थात. प्रचंड विरोध झाला आणि ते तिथंच अडकलं. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर सुपरमार्केटनं बागवाल्याचं फार काही बदललं नसतं. भावाचा आणि उचलीचा पक्का करार त्याच्या जास्त उपयोगाचा.

तर, जायचं असेल तर फेब्रुवारीतला वीकेंड धरा, तोडणी चालू असते. सकाळी लवकर पोहोचा, कारण द्राक्षं गारव्यात तोडतात. गाडी चालवणाऱ्यानं चाखायचं नाही. बाग बघताना कुणी शेतकरी भेटला तर त्याला विचारा, यंदा भाव आधी ठरला की नंतर. एक बाटली घरी आणलीत आणि सोबत सावजी मटणाचा बेत असेल, तर कडक रेड टाळा, तिखट अजून झोंबतं. किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ घ्या, फ्रीजमध्ये दोन तास ठेवून. ग्लास नसतील तर स्टीलचे पेले चालतात.