उकाबचे हिज्जे

शाहीन आणि उकाब हे दोन शब्द आम्ही पती-पत्नी गेली बारा वर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. इक्बाल यांची कविता आली की फळ्यावर लिहायचे, शाहीन म्हणजे ससाणा, उकाब म्हणजे गरुड, आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. स्वतः उकाब पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. ती आली 2023च्या मे महिन्यात, स्कॉटलंडमधील स्काय बेटावर.

आपा ग्लासगोला राहते. "एकदा तरी या," हा तिचा तगादा जुनाच. शेवटी पतपेढीचे कर्ज काढून तिकिटे घेतली. दुल्हाभाईंनी बेटाच्या दक्षिण भागात, टार्स्कावेग नावाच्या वाडीत, आठवडाभरासाठी एक लहानसे घर भाड्याने घेतले होते. मॅलेगपर्यंत मोटारीने आणि तेथून आर्माडेलपर्यंत फेरीबोटीने गेलो. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट आठवली. वारा मात्र असा की डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागली. सामानात बर्फाच्या पेटीतले हलाल मटण होते आणि एका मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा, 300 मिलिमीटरच्या लेन्ससह.

त्या भागाच्या नावाचे स्पेलिंग पाहून आम्ही 'स्लीट' म्हणालो. दुल्हाभाईंनी सुधारले, "उच्चार स्लेट." आमची पाचवीतली मुलगी हसून म्हणाली, "म्हणजे पाटी!" मास्तरांच्या नशिबी सुट्टीतही पाटीच.

घराच्या खिडकीतून समुद्र दिसे. उजव्या हाताला कुलिन पर्वताचे काळे सुळके, डाव्या हाताला दूरवर रम नावाचे बेट. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळे, त्यामुळे मगरिबची नमाज दहानंतर, आणि पहाटे साडेचारला पुन्हा लख्ख उजाडलेले. फोटो काढणाऱ्याला याहून मोठी चैन कोणती? पण पहिले तीन दिवस कॅमेऱ्यात आले ते धुके, मेंढ्यांच्या पाठी आणि पाऊस. पाणमांजर टिपण्यासाठी ओहोटीची वेळ पाहून दोन तास खडकामागे बसलो. वारा आपल्याकडून तिच्याकडे वाहत असला तर तिला वास लागतो, हे आम्हाला ती पाण्यात गडप झाल्यावर कळले.

चौथ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरचे पक्षी एकदम ओरडत उडाले. वर पाहतो तो रुंद फळ्यांसारखे पंख पसरून एक प्रचंड पक्षी सावकाश येत होता. पंखांचा पसारा आठ फुटांच्या आसपास असतो, हे नंतर समजले. त्या क्षणी हातच चालेनात. तीन फोटो निघाले, त्यांपैकी दोन हललेले. तिसऱ्यात निम्मा पंख कापला गेला, पण पांढरी शेपटी स्पष्ट आली.

संध्याकाळी घरमालकीणबाई सरपण घेऊन आल्या, तेव्हा त्यांना फोटो दाखवला. वय सत्तरीपुढचे. त्यांनी शेपटीवर बोट ठेवून गेलिक नाव सांगितले, "यूलरे सूल ना ग्रेन्या." अर्थ, सूर्याच्या डोळ्याचा गरुड. मग त्या सांगत गेल्या. मेंढपाळांनी आणि शिकाऱ्यांनी हा पक्षी ब्रिटनमधून पार संपवला. शेवटचा 1918 साली शेटलंडमध्ये मारला गेला. पुढे 1975 ते 1985 या काळात नॉर्वेहून 82 पिल्ले आणून रम बेटावर सोडली. "ते काय, तुमच्या खिडकीतले बेट!" 1985 साली दक्षिणेकडच्या एका बेटावर या गरुडाचे पहिले पिल्लू मोठे होऊन उडाले. आज घरट्याजवळ जाऊन त्याला त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे.

त्याच 1985 साली ग्लासगो आणि इन्व्हर्नेस येथे गेलिक माध्यमाचे पहिले वर्ग सुरू झाले. 1872च्या शिक्षण कायद्यात या भाषेला जागाच नव्हती, आणि ती बोलली म्हणून पोरांना छड्या बसत. आता जवळच्या प्राथमिक शाळेत मुले गेलिकमधून शिकतात. ओस्टेगला शेतावरच्या जुन्या कोठारात 1973 साली सुरू झालेले गेलिक महाविद्यालयही आहे.

"तुम्ही कोणत्या भाषेत शिकवता?" बाईंनी विचारले. आम्ही सांगितले, घरात कोकणी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू. बाई खूश झाल्या. "मग मुलगी तुमच्याच शाळेत असेल!"

आम्ही दोघेही गप्प झालो. मुलगी इंग्रजी माध्यमात जाते. बी.एड.च्या परीक्षेत 'मातृभाषेतून शिक्षण' या प्रश्नाला आम्ही चांगले मार्क मिळवले होते. पण पुढे तिचे काय, या धास्तीने दाखल्यावर सही केली ती दुसऱ्याच शाळेच्या. यंदा आमच्या पहिलीत नऊ मुले आली. आईबापांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? शिक्षकच जर पोर घेऊन निघाले, तर गावाने कोणावर भरवसा ठेवावा?

त्या रात्री बाहेर पाऊस होता आणि खिडकीची काच वाफेने धुरकट झाली होती. मुलीने विचारले, "अब्बू, आपण याला काय म्हणतो?" "उकाब." "हिज्जे?" "ऐन, काफ, अलिफ, बे." तिने बोटाने काचेवर लिहायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक अक्षर सुटे. तिची अम्मी उठली, तिचे बोट धरले आणि उजवीकडून सुरुवात करून दिली. काचेवरून ओघळ येऊन ऐन पुसले गेले, तेव्हा तिने ते पुन्हा लिहिले.

परत आलो तेव्हा कोणी सांगितले की आपल्या कोकण किनाऱ्यावरही पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड राहतो. आम्हीच कधी मान वर केली नव्हती.

मुलीची शाळा आम्ही बदललेली नाही. तेवढे धाडस अजून होत नाही. रविवारी सकाळचा एक तास मात्र तिच्या उर्दूसाठी ठेवला आहे, आणि त्या तासाला कसलीही सबब चालत नाही. अर्ध्या पंखाचा तो फोटो आमच्या वर्गात लावला आहे. खालचे नाव तिनेच लिहिले. ऐनचे तोंड थोडे वाकडे आले, ते तसेच राहू दिले. काफवरचे दोन नुक्ते ती विसरली होती, ते मात्र द्यायला लावले. मास्तर शेवटी मास्तरच.