कॅमेऱ्याचे दोन कान

भंगारातून मिळालेला माझा थर्मल कॅमेरा उष्णता पाहतो, पण भारी हट्टी! चौकटीत चहाचं आधण आलं, की उजेड सगळा त्यालाच. बाकीची भिंत काळी ठिक्कर. आपोआप जुळवणी करतो ना!

मग मी ती जुळवणी तोडून तिथे दोन पोटेन्शिओमीटर जोडले. एकाचा कान पिळला, की सगळं चित्र उजळतं किंवा मंदावतं. दुसरा काँट्रास्टचा, तो थोडासा फरकही ताणून दाखवतो. (पडद्यावर मुंग्याही वाढतात, तेवढं सोसायचं.)

आजी दोन दिवस म्हणत होती, "करपल्याचा वास येतोय रे!" कॅमेरा स्विचबोर्डाकडे वळवला, दुसरा कान पिळला. एका बटणाभोवती पांढरा डाग! बाबांनी लगेच मेन स्विच पाडला. वायरमनकाकांनी बोर्ड उघडला, तर आतली तार ढिली. ढिल्या सांध्यात रोध वाढतो, तिथेच तापतं.