समुद्राला पचेल तेवढंच

आमच्या लहानपणी हिवाळा लागला की मुंबईतल्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्या उभ्या राहत. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर टांगायची. आजीचे हात हे काम इतक्या सफाईने करत की गप्पा मारताना तिचं लक्षही तिकडे नसे. वलांड्यांच्या खाली वाळूवरच जवळा पसरलेला असे. वाळला की गोळा करायचा, चाळून वाळू काढायची आणि पावसाळ्यासाठी भरून ठेवायचा. आता उघड्या वाळूवर जवळा टाकायचा कुणाला धीर होत नाही. खाली ताडपत्री अंथरावी लागते.

तेव्हा आम्ही माणसं आजच्यापेक्षा टापटीप होतो, असं मात्र मी म्हणणार नाही. घरातली राख, नारळाच्या करवंट्या, माशांची डोकी, मोडक्या टोपल्या, सगळं किनाऱ्यावरच जाई. फरक होता तो टाकण्याच्या वस्तूंत. जाळी सुताची आणि तागाची असत. खाऱ्या पाण्यात ती कुजत, म्हणून झाडाची साल उकळून त्या काढ्यात भिजवावी लागत. आजोबांना ते काम नकोसं होई. पण तुटून समुद्रात राहिलेलं जाळं काही महिन्यांत विरून जाई. आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून येई आणि रिकामी बाटली परत द्यावी लागे. तेलाला घरून बरणी न्यायची, बाजाराला कापडी पिशवी. समुद्राच्या वाट्याला जे जाई ते त्याला पचे.

मग नायलॉन आलं. हलकं, मजबूत, न कुजणारं. कोळीवाड्याने त्याचं आनंदाने स्वागत केलं आणि ते स्वाभाविकच होतं, जाळी उकळण्याचे कष्ट एकदम वाचले. पाठोपाठ प्लॅस्टिकच्या पिशव्या, शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आल्या. यातलं काही कुजत नाही. उन्हाने आणि लाटांनी त्याचे फक्त तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात आणि ते कण मासळीच्या पोटात जातात.

याचा पहिला मार डोलीला बसतो. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं लांब जाळं. भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते त्यात शिरतं. पूर्वी डोल ओढली की बोंबील, करंदी, जवळा, मांदेली असं मोसमाप्रमाणे निघे. आज त्याच डोलीत पिशव्या आणि वेष्टनं निघतात. जाळं जड होतं, फाटतं आणि खलाशांना नखाएवढा जवळा प्लॅस्टिकच्या चिंध्यांतून हाताने वेगळा करावा लागतो. मासळी कमी होण्यामागे बेसुमार मासेमारी आणि तापणारं पाणीही आहे. पण जे हाती लागतं त्याचीही नासाडी करतो तो हा कचरा.

तुटलेली नायलॉनची जाळी तर मालकाशिवाय मासेमारी करतच राहतात. कासवं त्यांत गुरफटतात, श्वास घ्यायला वर येता न आल्याने मरतात. जिवंत कासव किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी कोळ्याने स्वतःचं जाळं कापलं तर त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने 2018 मध्ये आणली. ही चांगली गोष्ट झाली.

खाडीचं दुःख वेगळं आहे. वेसावे आणि मढ यांच्या मधली ही मालाडची खाडी. ओहोटीला तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या, चिखलावर उड्या मारणारे निवटे आणि चिखलात पाय रुतवून शोधलेल्या शिवल्या, ही आम्हा मुलांची सुट्टी असे. आरेच्या टेकड्यांतून निघणारी ओशिवरा नदी गोरेगाव ओलांडून याच खाडीला मिळते आणि वाटेत नाल्यांचं सांडपाणी घेऊन येते. सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग मासळी तिथे थांबत नाही. शिवल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्या पाण्यातले रोगजंतू आणि जड धातू त्यांच्याच अंगात साठतात. आता त्या कुणी वेचून आणल्या तर घरात शिजवायला भीती वाटते.

ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलं. किती दिवस लोक मासळी घ्यायला धजत नव्हते! त्या अपघाताची बातमी झाली, चौकशी झाली. नाला मात्र रोज वाहतो आणि त्याची बातमी होत नाही.

2015 मध्ये वकील अफरोज शाह यांनी वेसाव्याचा किनारा साफ करायला घेतला आणि शेकडो माणसं त्यांच्यामागे आली. मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. त्या बातमीने मला रडू आलं होतं. पण दर पावसाळ्यात उधाणाच्या लाटा पुन्हा तेवढाच कचरा वाळूवर आणून टाकतात, कारण तो नाल्यांतून येणं थांबलेलं नाही.

जुनी सुताची जाळी परत येणार नाहीत आणि यावीत असा माझा हट्टही नाही. पण फाटलेलं नायलॉन बंदरावरच परत घेऊन त्याचे पैसे देता येतील. नाल्यांच्या तोंडाशी कचरा अडवता येईल. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय खाडीत सोडायचं नाही, एवढा आग्रह शहराला धरता येईल. किनारा झाडणारे हात कितीही वाढले तरी गोरेगाव-मालाडच्या घराघरांतून निघणाऱ्या पाण्याची आणि पिशवीची जबाबदारी त्या त्या घरानेच घ्यायला हवी. बोंबील तर त्या घरांनाही हवाच असतो.