ताटात मावणारं पापलेट

आमच्या घरी मासे दोनच प्रकारचे. पाहुण्यांना वाढायचे आणि आपण आपले खायचे. पहिल्या प्रकारात पापलेट, सुरमई, फार तर मोठी कोळंबी. दुसऱ्यात बोंबील, मांदेली, बांगडा, मुडदुशा आणि उरलेली सगळी जनता. ही वर्णव्यवस्था कुणी लिहून ठेवलेली नाही, पण जावई जेवायला आला आणि त्याच्यापुढे बांगडा ठेवला असं आमच्या खानदानात अजून घडलेलं नाही. घडलं तर त्याची चर्चा पुढची दोन लग्नं पुरेल.

आता गणित बघा. पाहुणे सहा, म्हणजे पापलेटं सहा. अख्खी. डोक्याशेपटीसकट तळलेलं, ताटात आडवं मावणारं. मोठं पापलेट किलोमागे इतकं महाग की सहा घेतली तर त्या महिन्याच्या ईएमआयला हात लागेल. मग आपण लहान घेतो. लहान पापलेट किलोला पुष्कळच स्वस्त पडतं, नग जास्त येतात आणि 'पापलेट वाढलं' हा मान तेवढाच राहतो. थाळीवाल्या हॉटेलांचंही हेच. थाळीचा दर ठरलेला, त्यात एक अख्खं पापलेट बसवायचं, म्हणजे पापलेटचं माप थाळीच्या दरावरून निघणार. थोडक्यात, समुद्रातल्या माशाने किती दिवस जगायचं हे मेनूकार्ड ठरवतं.

यात बिघडलं काय? तर ते तळहाताएवढं पापलेट म्हणजे पिल्लू असतं. त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. एफडी मुदतीआधी मोडली की व्याज बुडतं हे आपल्याला कळतं, इथे तर मुद्दलच खाऊन मोकळे होतो. काही महिने ते पाण्यात राहिलं असतं तर वजन वाढलं असतं, किलोमागचा भाव वाढला असता आणि मच्छीमाराला त्याच एका माशाचे कितीतरी जास्त पैसे मिळाले असते. त्यामुळे या विषयावर सगळ्यात आधी बोलू लागले ते आपल्यासारखे एसीत बसून पर्यावरणाची चिंता करणारे लोक नव्हेत, मच्छीमारच. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध गाव. लहान पापलेट मारू नका ही मागणी तिथल्या मच्छीमार संस्था बरीच वर्षं करताहेत. मोठ्या आसाच्या जाळ्यातून पिल्लू निसटून जातं. डोल जाळ्याच्या शेवटच्या बारीक आसाच्या पिशवीतून निसटत नाही. बोंबलासाठी लावलेल्या डोलीत पापलेटची पिल्लं येतात ती अशी.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने दोन गोष्टी केल्या. पापलेटला राज्य मासा केलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची लांबी ठरली १३५ मिलिमीटर. (केरळने हे २०१५ मध्येच सुरू केलं होतं. असो.)

आता १३५ मिलिमीटर म्हणजे किती, हे बाजारात कोण मोजणार? इंजिनिअर मोजणार! खिशातलं डेबिट कार्ड ८५.६ मिमी लांब आणि ५४ मिमी रुंद असतं, जगभर हेच माप. एक कार्ड आडवं, त्याला लागून दुसरं उभं, झाले सुमारे १४० मिमी. तोंडापासून शेपटीपर्यंत पापलेट याहून आखूड वाटलं तर ते घ्यायचं नाही. अर्थात ही कायद्याने घातलेली किमान मर्यादा आहे, आदर्श माप नव्हे. त्याहून जितकं मोठं तितकं बरं. आणि कृपा करून कार्ड खरंच माशाशेजारी ठेवू नका. मी ठेवलं होतं. ते कार्ड चार दिवस पाकिटात वास मारत होतं आणि आमच्या मावशींनी ती गोष्ट अख्ख्या बाजाराला सांगितली.

मावशी म्हणजे आमची कोळीण. आईचं आणि तिचं वीस वर्षांचं भांडणाचं नातं. मी तिला म्हटलं, "मावशी, ही पापलेटं फारच लहान आहेत हो."

"मंग मोठी घे ना बाला, परवरत असंल तं."

मी पुढे पिल्लं, अंडी, कायदा वगैरे प्रवचन सुरू केलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, हातातला कोयता बाजूला ठेवला आणि म्हणाली, "धक्क्यावर येतं त्येच मी आनते. मी नाय घेतली तं दुसरी कोन घेल. आनि मेलेलं पापलेट परत पान्यान टाकलं तं पोहनार हाय का?"

यावर उत्तर नाही. बाई पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन लिलावात माल उचलते आणि बर्फ, टेम्पो, बाजारातली जागा असा सगळा खर्च करून सकाळी पाटी मांडते. मी तत्त्वासाठी मासे न घेता घरी गेलो तर त्या तत्त्वाचं बिल सगळ्या साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाच्या नावावर फाटतं. म्हणून बहिष्कार वगैरे मला पटत नाही. त्यापेक्षा साधं करायचं. तिच्याच पाटीतलं दुसरं काहीतरी घ्यायचं, आणि घेताना कारण मोठ्याने सांगायचं. "लहान पापलेट नको, अर्धा किलो मांदेली द्या." तिचा धंदा बुडत नाही. पण अशी वीस गिऱ्हाइकं झाली तर उद्या लिलावात कशावर बोली लावायची हे तिला कुणी शिकवायला नको.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. लहान मासा वाईट आणि मोठा चांगला, असं मुळीच नाही. मांदेली जन्मभर लहानच असते. बोटभर असली तरी ती चांगली बालबच्चेवाली असू शकते. तारली, बांगडा हेही लवकर वाढणारे, लवकर प्रजा वाढवणारे. मूळचा लहान मासा वेगळा आणि मोठ्या माशाचं पोर वेगळं. पाटीत दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि बहुतेक शहरी गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, कारण आता आपण मासे ॲपवर घेतो. तिथे 'स्मॉल पॉम्फ्रेट' असं लिहिलेलं असतं, जणू काही तो टी-शर्टचा साइज आहे!

हापिसात हा विषय निघाला तेव्हा टीममधला बंगाली मित्र जेवता जेवता हसला. त्यांच्याकडे हिल्सा माशाच्या पिल्लाला चक्क लाडाचं नाव आहे: खोका इलिश. खोका म्हणजे छोटा मुलगा, बाळ्या म्हणा हवं तर. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिल्सा पकडायला आणि विकायला बंदी आहे, तरी तो बाजारात मिळतो आणि लोक आवडीने घेतात, कारण मोठा परवडत नाही. म्हणजे तिकडेही पापलेटचीच कथा, फक्त मोहरीच्या रश्शात. दुसऱ्या एकाने सुचवलं की सरळ शिक्का असलेला परदेशी सामन घ्यावा. शिक्के चांगलेच असतात. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र आपल्या देशात पहिल्यांदा २०१४ मध्ये मिळालं ते केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना. पण ठाण्याच्या मासळी बाजारात कुठल्या पाटीवर शिक्का बघायचा? आणि विमानातून आलेला सामन आमच्या आईच्या तिरफळाच्या कालवणात कसा लागेल, याची कल्पनाही करवत नाही.

शिक्क्याऐवजी आपल्याकडे कॅलेंडर आहे. पश्चिम किनाऱ्यावर अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. त्यामुळे जुलैत मुंबईत जो 'एकदम ताजा' मासा मिळतो तो बऱ्याचदा तिकडून बर्फात प्रवास करून आलेला किंवा आधीच गोठवून ठेवलेला असतो. आमची आजी या दिवसांत सुकट, जवळा आणि सुके बोंबील यांवर भागवायची, मग श्रावण, मग नारळी पौर्णिमा. तिला ब्रीडिंग सीझन हा शब्द माहीत नव्हता. आम्हाला शब्द माहीत आहे, आणि जूनमध्ये गाभोळीवाला मासा शोधत आम्ही तीन बाजार फिरतो.

तर सध्याचा प्रश्न असा. पुढच्या रविवारी बहिणीच्या होणाऱ्या सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला येताहेत. आठ माणसं. आईने यादीत 'पापलेट ८, मध्यम' लिहिलंय. मी म्हटलं, त्याऐवजी दोन मोठी घेऊ आणि तुकड्या करून तळू. सोबत कुरकुरीत बोंबील.

"तुकड्या?" आई म्हणाली. "म्हणजे कोणाला शेपटीची येणार? त्यांच्या काकांना?"

हा मुद्दा मी खरंच लक्षात घेतला नव्हता. बाबा म्हणाले, शेपटी मी घेतो. बहीण म्हणाली, त्याला (म्हणजे तिच्या त्याला) बोंबीलच जास्त आवडतात. आईने यावर तिच्याकडे जे बघितलं ते शब्दांत सांगता येणार नाही. पण यादीतल्या ८ वर तिने पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलंय. मावशीला शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे.