आणखी एक राउंड

१९९६ च्या जुलैतली ती सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. अटलांटा ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा अमेरिकेत रात्री चालू होता आणि आमच्याकडे दिवस वर आला होता. मी तेव्हा बारावीत होतो. जलतरणपटू जॅनेट इव्हान्सने आपल्या मशालीने ज्याची मशाल पेटवली, तो पांढऱ्या कपड्यांतला, थिजलेल्या चेहऱ्याचा माणूस कोण, हे मला चटकन कळले नाही. वडील मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. "महंमद अली," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "वेळेवर थांबला असता तर..." ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. पडद्यावर अलीचा हात थरथरत होता. ज्योत पेटली, आणि वडिलांनी चष्मा काढून पुसला.

'वेळेवर' या शब्दाचा अर्थ तेव्हा मला अगदी सरळ वाटला होता. जेतेपद हातात असताना, टाळ्या चालू असताना उतरावे, म्हणजे वेळेवर. आज चाळिशी उलटल्यावर तो अर्थ तितका सरळ वाटत नाही. त्याला कारण जितका अली, तितकेच माझे एक सर आहेत.

सर आम्हाला नाटक शिकवत. त्यांच्या तासाला इतर शाखांची मुलेही मागच्या बाकांवर येऊन बसत. 'नटसम्राट' शिकवताना ते हमखास क्रिकेटमध्ये शिरत. लोक 'अजून का नाही' म्हणण्याआधी, 'इतक्यात का' असे विचारत असतानाच निवृत्त व्हावे, हे विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाणारे वचन त्यांना फार प्रिय होते. १९८७ साली बंगळुरूच्या उखडलेल्या खेळपट्टीवर ९६ धावा काढून गावसकरने कसोटीचा निरोप घेतला, हा त्यांच्या लेखी एखाद्या उत्तम नाटकाचा शेवटचा प्रवेश होता. "पडदा केव्हा पाडायचा हे ज्याला कळतं तोच नाटककार," असे ते म्हणत. आम्ही ते वहीत लिहून घेत असू.

गंमत अशी, की ज्या नाटकाच्या निमित्ताने हे सगळे निघे, ते नाटक नेमके याच्या उलट सांगते. अप्पासाहेब बेलवलकर कीर्तीच्या शिखरावर असताना रंगभूमीचा निरोप घेतात, मिळवलेले मुलांना वाटून टाकतात, आणि त्यांची शोकांतिका तेथून सुरू होते. लिअर राजाचेही तेच. ऐन वैभवात उतरल्याने माणूस वाचतो, याची ग्वाही ना शेक्सपिअर देतो ना शिरवाडकर. हे मला सरांच्या वर्गात सुचले नाही. ते सुचले पुष्कळ नंतर, मुष्टियोद्ध्यांची चरित्रे वाचताना.

शिखरावर थांबल्याचे उदाहरण म्हणून रॉकी मार्सियानोचे नाव सर्वांत आधी येते. ४९ लढती, ४९ विजय. आणि एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, हेवीवेट जगज्जेतेपदासह निवृत्ती. आकडा असा निर्दोष, की त्यापुढे पूर्णविरामच शोभावा. परंतु हाच मार्सियानो १९६९ साली, पंचेचाळिशीत, सुमारे पन्नास पौंड वजन उतरवून आणि डोक्यावर केसांचा टोप चढवून, कॅमेऱ्यासमोर अलीशी लुटुपुटीची लढत खेळला. दोघांपैकी श्रेष्ठ कोण याचा निकाल म्हणे संगणक लावणार होता. चित्रपट १९७० च्या जानेवारीत दाखवला गेला आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांना मार्सियानो जिंकलेला दिसला. ते पाहायला तो नव्हता. चार-पाच महिन्यांपूर्वीच विमान अपघातात गेला होता. रिंगमधून तो उतरला होता हे खरे. पण रिंग त्याच्यातून उतरली होती का?

दुसरे नाव जो लुईचे. १९३७ पासून जवळजवळ बारा वर्षे जगज्जेता, २५ वेळा किताब राखलेला. १९४९ साली तोही अजिंक्यपदासह निवृत्त झाला. वचनाप्रमाणे, लोक 'इतक्यात का' विचारत असताना. पण प्राप्तिकराची थकबाकी डोक्यावर बसली. हाच लुई, ज्याने युद्धकाळात दोन लढतींची कमाई सैनिकी मदतनिधींना देऊन टाकली होती! १९५० मध्ये तो परतला आणि हरला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्याच मार्सियानोने आठव्या राउंडमध्ये त्याला दोरांपलीकडे लोळवले. लुई ३७ वर्षांचा होता. लहानपणापासून ज्याला दैवत मानले त्याला पाडल्यावर मार्सियानो रडला, असे सांगतात. 'सन्मानाने थांबावे' हा उपदेश करणाऱ्यांनी लुईचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ऐन भरात थांबणे ही पुष्कळदा ऐपतीची गोष्ट असते.

आणि अली. त्याच्याबाबतीत तर 'शिखर' हा शब्दच फसवा ठरतो. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात तो जो फ्रेझियरविरुद्ध जिंकला. ती लढत मृत्यूच्या किती जवळची होती, हे पुढे त्यानेच सांगितले. १९७७ च्या सप्टेंबरात अर्नी शेव्हर्सचे घणाघाती ठोसे पंधरा राउंड खाऊन तो पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा किताब त्याच्याकडेच राहिला. म्हणजे शरीराची मोडतोड उतरणीवर झाली नाही, ती माथ्यावर झाली. डोक्यावरच्या ठोशांनी मुष्टियोद्ध्याच्या मेंदूवर काय परिणाम होतो, याचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी १९२८ सालीच करून ठेवले होते. अलीच्या कंपवाताला ठोसे किती कारणीभूत, याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. पण पराभव हा मोजमापाचा काटा मानला, की विजयाच्या आड दडलेली इजा दिसत नाही, एवढे तर आपल्यासारख्या सामान्यांनाही कळू शकते.

ती एकाला दिसली होती. अलीचे डॉक्टर फर्डी पाशेको यांनी शेव्हर्सच्या लढतीनंतर त्याच्या मूत्रपिंडांविषयीचा अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापकाला धाडला. कोणाचेच उत्तर आले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पाशेको दूर झाले. अली लढत राहिला. १९७८ च्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सकडून हरला आणि सप्टेंबरात त्यालाच हरवून तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. पाशेकोंचे ऐकले असते तर हा विक्रम झाला नसता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. विक्रमाची ही बाजू कोणत्याही शहाण्या सल्ल्याच्या पारड्यात जड धोंड्यासारखी बसते.

मग १९८० चा २ ऑक्टोबर. निवृत्तीतून परतलेला ३८ वर्षांचा अली, समोर एकेकाळचा सरावातला जोडीदार लॅरी होम्स. अलीने केस काळे केले होते, वजन उतरवले होते. लांबून पाहणाऱ्याला तो जुना अली दिसत होता. दहा राउंड त्याने नुसता मार खाल्ला. दहाव्यानंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. अलीच्याच कोपऱ्यातला, त्याच्यावर जीव टाकणारा बुंडिनी ब्राउन मात्र आणखी एक राउंड मागत होता. होम्सही त्या विजयानंतर रडला.

बुंडिनीजवळ येऊन मी नेहमी थांबतो. कारण मी बुंडिनी आहे.

सर निवृत्त झाले ते नियत वयोमानाने, भरलेल्या सभागृहात. पुढे आमच्या गावच्या व्याख्यानमालेत दर वर्षी त्यांचे एक पुष्प असे, आणि त्या दिवशी खुर्च्या कमी पडत. मी समितीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका तासात एकच आठवण दोनदा सांगितली. श्रोते दोन्ही वेळा हसले. त्यानंतरच्या वर्षी लेखकांच्या नावांची अदलाबदल झाली. वय आहे, म्हणून आम्ही सोडून दिले. गेल्या वर्षी निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या वर्षी नको रे बोलावूस त्यांना. माझं ऐकत नाहीत. तू सांग, तुझं ऐकतील."

मी सांगितले नाही. सरांना दुखवायचे नव्हते, हे कारण मी स्वतःला दिले. खरे कारण वेगळे होते. दुसऱ्या कोणाच्या नावावर सभागृह भरले नसते. आणि मलाही सरांना ऐकायचे होते, माझ्या विशीतल्या सरांना. व्याख्यानाच्या मध्यावर ते थांबले. "मी कुठे होतो?" असे त्यांनी विचारले. पुढच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने अदबीने धागा सांगितला. सरांनी तिचे आभार मानले आणि व्याख्यान पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केले. सभागृहात कोणी हलले नाही. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या मी कधी विसरणार नाही. त्यांत प्रेम होते आणि सुटकाही. सर खुशीत होते. रिक्षात म्हणाले, "पुढच्या वर्षी तुकाराम घेऊ." मी म्हणालो, "हो सर."

म्हणून आता 'थांबावे की नाही' हा प्रश्न मी खेळाडूला विचारत नाही. तो नाहीच म्हणणार. हार न मानण्याच्या ज्या हट्टाने तो शिखरावर गेला, तोच हट्ट त्याला खाली उतरू देत नाही. आपल्यासारखे प्रेक्षक 'ऐन भरात थांब' म्हणतात, तेव्हा पुष्कळदा आपल्याला आपली आठवण डागाळायला नको असते. आणि 'आणखी एक' म्हणतात तेव्हाही आपलीच हौस भागवायची असते. दोन्हीत त्या माणसाचे शरीर कुठे येत नाही. ते दिसते फक्त कोपऱ्यात उभ्या असलेल्याला. मनिलात चौदाव्या राउंडनंतर एडी फच यांनी फ्रेझियरला उठू दिले नाही. त्याचे डोळे सुजून मिटत आले होते, एकच राउंड उरला होता, आणि त्याला लढायचे होते. आज तू जे केलेस ते कोणी विसरणार नाही, अशा अर्थाचे काही बोलून फच यांनी त्याला बसवले. जगज्जेतेपदाची संधी गेली. ती जाऊ देण्याची जबाबदारी फच यांनी आपल्या अंगावर घेतली होती.

गेल्या रविवारी मी सरांकडे गेलो. जाताना मनात दहा वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही आठवले नाही. "सर, या वर्षी तुम्ही बोलायचं नाही. पहिल्या रांगेत बसायचं. तुकारामांवर मी बोलेन, तुमच्याच टिपणांवरून," एवढेच म्हणालो.

सर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग स्वयंपाकघराकडे मान करून म्हणाले, "तिनं सांगितलं?"

"नाही सर. मीच सांगतोय."

त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरले. काकू चहा घेऊन आल्या. सरांनी तो घेतला नाही. मी निघालो तेव्हाही वर्तमानपत्र तसेच होते, आणि पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नव्हता.

व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखून ठेवायला मी सांगितले आहे. सर येतील की नाही, ठाऊक नाही.