शेकडा दोन

दिवाळी जवळ आली की ‘ऋण काढून सण’ ही म्हण घरोघरी कोणीतरी काढतोच. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. तेव्हा पैशापेक्षा शब्दांचीच उलाढाल अधिक. ऋण, कर्ज, हातउसने, उचल. देणे एकच, पण नावे किती! या नावांतला फरक मला कोशांनी शिकवला नाही, तो पोहरादेवीला कळला.

वाशीम जिल्ह्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर मी एका स्नेह्याबरोबर जवळच्या तांड्यावर गेलो. तिथे बायकांच्या बचत गटाची बैठक भरली होती. बचत गट बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा उपक्रम १९९२ साली सुरू झाला, हे मी वाचले होते. त्याची वही मात्र प्रथमच पाहिली.

एका बाईंनी दहा हजार घेतले होते. व्याज महिना शेकडा दोन. “म्हणजे दहा महिन्यांचे दोन हजार,” मी म्हणालो.

वही लिहिणाऱ्या बाई हसल्या. “नाही सर. दर महिन्याला हजार फिटते. मंग व्याज उरल्या पैशावरच ना!”

मी आकडेमोड केली. व्याज अवघे अकराशे! हेच दहा हजार सावकाराकडून शेकडा पाचाने घेतले आणि नुसते व्याजच भरत राहिले, तर दहा महिन्यांत पाच हजार जातात आणि मूळचे दहा हजार जागच्या जागी राहतात.

“आणि हाताशी पैसा नसला तर?”

“सोयाबीन, तूर निघाली का मोठा हप्ता. मधात लहान. पण बैठकीत आधी सांगा लागते.”

त्या बाईंनी हे पैसे कशासाठी घेतले होते? ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घ्यावी लागू नये म्हणून. उचलीच्या कागदावर व्याज दिसत नाही. पण ती फेडायला नवराबायकोला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागावे लागते, आणि मुलांची शाळा मागे राहते. यंदा ते घर तांड्यावरच राहिले होते. थोरली मुलगी ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती.

आपल्या शहरी घरांत कर्ज मोबाईलवर चुटकीसरशी मिळते. आपण हप्ता किती ते विचारतो. व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर, हे विचारायला मात्र संकोचतो. त्याहून मोठा संकोच, ‘या महिन्यात जमणार नाही’ हे वेळेवर सांगण्याचा.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पूजतात. आपल्याही घरी देण्याची एक लहानशी वही असावी, आणि ती घरातल्या सगळ्यांना वाचता यावी.