आपल्या हाताचे अवजार

माणूस आणि त्याचे अवजार यांचे नाते फार जुने आहे. सुताराने नवा रंधा विकत आणला, तरी तो पहिल्याच दिवशी त्याच्या हातात बसतो असे नाही. तो मूठ घासतो, पाते थोडे पुढेमागे करतो आणि मगच कामाला लागतो. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे आणि हळद कुठे, हे त्या घरातील हाताला न पाहता कळते. परक्या घरात तोच हात क्षणभर अडखळतो.

संगणकाच्या बाबतीत मात्र अनेकांची समजूत निराळी असते. पडद्यावर जे जसे दिसते, ते तसेच राहायचे. शिकायचे ते माणसाने, बदलायचे तेही माणसानेच! प्रौढ वयात संगणकासमोर प्रथमच बसणाऱ्याला तर हे यंत्र परक्या घरासारखे भासते. ही समजूत दूर करण्याचे सामर्थ्य लिनक्सच्या पडद्यात आहे.

त्यामागे एक विचार आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरणाऱ्याला ती अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार असावा, असा त्यांचा आग्रह होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढील वर्षी तो ग्नूच्याच परवान्याखाली खुला केला. १९९६ साली केडीई व १९९७ साली ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले आणि सामान्य माणसाला सहज हाताळता येईल असा पडदा लिनक्सला लाभू लागला.

या पडद्यावरील एखाद्या चित्रावर माउसने टिचकी मारली की आज्ञावली उघडते. या चित्राला ‘लाँचर’ म्हणतात. नवशिक्याला ती जादू वाटते. पण तिच्यामागे असते साध्या मजकुराची एक लहानशी फाइल. तिच्यातील एका ओळीत नाव, दुसरीत चित्र आणि तिसरीत संगणकाने पाळायची आज्ञा लिहिलेली असते. नावाच्या ओळी अनेक असू शकतात, प्रत्येक भाषेसाठी एक. मराठीची ओळ भरली आणि संगणकाची भाषा मराठी ठेवली, की तेच चित्र मराठी नावाने समोर येते. हिशेबाच्या आज्ञावलीला कोणी ‘जमाखर्च’ म्हणावे, कोणी ‘दुकानाची वही’! मूळ फाइल सर्वांसाठीच्या कप्प्यात सुरक्षित राहते. तिची प्रत त्याच नावाने स्वतःच्या कप्प्यातील नेमलेल्या जागी ठेवून ती बदलली, तर संगणक त्या माणसापुरती तीच प्रत मानतो. एकाच संगणकावर प्रत्येकाचे खाते वेगळे असेल, तर आईचा पडदा आईचा आणि मुलाचा पडदा मुलाचा राहतो. एकाच्या सोयीने दुसऱ्याची अडचण होत नाही.

कळफलकाचेही असेच आहे. दिवसभर टंकलेखन करणाऱ्याचा हात माउसकडे जातो आणि परत येतो. ही ये-जा शेकडो वेळा झाली की मनगट कुरकुरू लागते. त्यासाठी कळांच्या जोड्या असतात. ग्नोमच्या कळफलक-मांडणीत नवी जोडी नेमताना तीनच गोष्टी सांगाव्या लागतात : कामाचे नाव, आज्ञा आणि कळा. इंग्रजीतून मराठीत जाण्यासाठी ‘सुपर’ आणि ‘स्पेस’ ही जोडी तेथे बहुधा आधीच दिलेली असते. ज्यांना दोन कळा एकाच वेळी दाबणे जमत नाही, त्यांच्यासाठी ‘स्टिकी कीज’ ही सोय आहे. त्या कळा एकीमागून एक दाबल्या तरी चालतात. ज्याचा एकच हात चालतो, त्याच्यासाठी ही केवळ सोय नसते. काम करता येणे आणि न येणे यांतील तो फरक असतो.

स्वातंत्र्यासोबत विवेकही हवा. ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ ही जोडी मजकुराची प्रत घेते. तीच कोणी गणकयंत्र उघडण्यासाठी नेमली, तर प्रत घेण्याची सोय मुकी होते आणि बिघाड कोठे झाला ते उमजत नाही. म्हणून आज्ञावल्या सहसा न वापरणारी ‘सुपर’ कळ अशा कामी घ्यावी आणि केलेला बदल वहीत टिपून ठेवावा. काही जण तर मांडामांडीतच रमतात. विळा पाजवण्यातच दिवस जातो आणि कापणी राहून जाते. रोज ज्या चार कामांना हात लागतो, त्यांची वाट सोपी झाली तरी पुष्कळ झाले.

या लहानशा बदलांचे खरे मोल वाचलेल्या क्षणांत मोजता येत नाही. ‘हे असेच असते’ असे ज्याला आयुष्यभर ऐकावे लागले, तो माणूस एके दिवशी एक ओळ बदलतो आणि यंत्र त्याचे ऐकते. मग त्याच्या मनातील भीतीची जागा कुतूहल घेते. आणखी काय बदलता येईल, असे तो विचारू लागतो. तेथून त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते.